बिघाड नक्की कुठे आहे?



आपल्या शाळेच्या व्हिडिओ संपादन कक्षातून आमच्या कार्यालयात बहुतेक रोज एक निरोप येतो, "सर, कॉम्प्युटर खराब झाला." निरोप आणणारे मूल घाबरलेले असते. तासाची घंटा होत आलेली असते, फिल्म अर्धवट असते आणि गटातले बाकीचे तिघे एकमेकांच्या हातातला माउस ओढत असतात. आम्ही जाऊन पाहतो तेव्हा बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठणठणीत असतो. कुठे पिन ढिली झालेली असते, कुठे आवाज बंद केलेला असतो, तर कुठे ज्या पेनड्राइव्हवर सगळे चित्रण आहे तो कोणाच्या तरी दप्तरातून घरी गेलेला असतो. म्हणून या अंकात आम्ही एका साध्याच विषयावर लिहायचे ठरवले. उपकरण अडले की काय करावे आणि काय करू नये, हा तो विषय.

हे काम शिक्षकांचे आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे काही पालकांना वाटेल. पण या कक्षात काय काय साठत आले आहे ते एकदा पाहावे. २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा मुलांनी राजवाडा आणि महेश्वरचा घाट यांचे चित्रण करून एक छोटी फिल्म केली. स्नेहसंमेलने आहेत, शाळेच्या गणेशोत्सवातली नाटके आहेत. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांच्या आठवणी आहेत. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्या माणसांची मराठी पुण्याच्या मराठीसारखी नाही. तिच्यात माळवीचा गोडवा आहे, हिंदीचे शब्द आहेत. ती पुस्तकात फारशी सापडत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावी लागते. कॅमेरा बिघडला तर नवा घेता येईल. नव्वदीच्या आजींनी सांगितलेली गोष्ट पुसली गेली तर ती कोणत्या दुकानातून आणायची?

तेव्हा पहिला नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चित्र दिसत नाही म्हणून केबल बदलली, लगेच सेटिंग बदलले, कॉम्प्युटरही बंद करून सुरू केला आणि चित्र आले, तर बिघाड कशात होता ते कळतच नाही. उद्या तोच बिघाड पुन्हा येतो आणि आपण पुन्हा तितकेच अडाणी असतो. एक बदल करावा, पाहावे, उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्यावा आणि मगच पुढचा करावा. संशय असलेल्या वस्तूच्या जागी चालत असलेली वस्तू लावून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. शेजारच्या कॉम्प्युटरची केबल इथे लावून चित्र आले, तर दोष केबलचा. प्रयोगशाळेत विज्ञानाचे शिक्षक हेच सांगतात, इथे तेच करायचे आहे.

आता विजेपासून सुरुवात करू. पडदा काळा असेल तर आधी मॉनिटरवरचा बारीक दिवा पाहावा. दिवाच नसेल तर वीज पोहोचलेली नाही. भिंतीचे बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि मॉनिटरची पिन या क्रमाने तपासावे. बहुतेक मॉनिटरवर दिवा नारिंगी असेल किंवा मिणमिणत असेल तर वीज आहे, पण कॉम्प्युटरकडून चित्र येत नाही. म्हणजे एका दिव्याकडे नीट पाहिले की निम्मे काम होते.

यूपीएस वीज गेल्यावर काम जपून ठेवायला थोडा वेळ देतो, फिल्म पुरी करायला नव्हे. त्याची शिटी वाजू लागली की आधी काम सेव्ह करावे. त्यावर पंखा किंवा लेझर प्रिंटर लावू नये, तेवढा भार त्याला पेलत नाही. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या तर ती गंमत समजू नये. अर्थिंग नीट नसल्याची ती खूण असते. तिथून हात काढावा, मेन बटण बंद करावे आणि शिक्षकांना सांगावे. अशा ठिकाणी स्पीकरमधून सतत घुंईऽऽ असा आवाजही पुष्कळदा येतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणे आमच्या कक्षात मना आहे. तसेच कॉम्प्युटरला वीज पुरवणारी आतली पेटी कोणीही उघडायची नाही. पिन काढल्यावरही तिच्यात काही काळ विजेचा भार राहतो. ते काम जाणकाराचेच.

उन्हाळ्यात वेगळी तक्रार येते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मुले म्हणतात, "सकाळी बरा चालतो, दुपारी रडतो." कॉम्प्युटर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर बंद पडतो. आतल्या पंख्यावर आणि जाळीवर धूळ बसलेली असते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने ती उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरावे, नाहीतर हवेच्या झोताने पंखा बेफाम फिरून खराब होतो. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून काम करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. त्याचा श्वास खालून चालतो.

मात्र तापलेला नसतानाही कॉम्प्युटर अडखळत असेल तर फाईल पाहावी. हल्लीच्या मोबाइलवरचे चित्रण फार दाबून साठवलेले असते. प्रत्येक चित्र पूर्ण न ठेवता आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच ठेवलेले असते. त्यामुळे कुठलेही एक चित्र दाखवायला कॉम्प्युटरला आजूबाजूच्या चित्रांचा हिशोब करावा लागतो. आपल्या जुन्या कॉम्प्युटरना ते झेपत नाही. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करायचे आणि शेवटी एक्सपोर्ट करताना मूळ चित्रण वापरायचे. नवा कॉम्प्युटर मागण्याआधी हे करून पाहावे. विश्वस्तांचे पैसे वाचतील.

आवाजाच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात. "आजींचा आवाज एकाच कानात येतोय" ही तर नेहमीची. एकच माइक लावला किंवा जुन्या व्हीसीआरमधून एकाच पिनेतून आवाज घेतला की असे होते. काही हरवलेले नसते. टाइमलाइनवर तोच आवाज दोन्ही बाजूंना द्यावा. आवाज मुळीच येत नसेल तर कॉलरच्या माइकची पिन पाहावी. मोबाइलच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात, कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर दोन. एकीची पिन दुसरीकडे आत जाते खरी, पण आवाज येईलच असे नाही. त्याला जोड लागतो. आणि चित्रण सुरू होण्याआधी हेडफोन कानाला लावून मीटर पाहावा. बोलणे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावे. शून्याला जाऊन आपटलेला, फाटलेला आवाज मागाहून पुरता सुधारत नाही. महेश्वरच्या घाटावर वारा किती जोराचा असतो, हे त्या फिल्मच्या गटाला विचारा.

कधी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. सुरुवातीला जुळतात, दहा मिनिटांनी ओठ मागे राहतात. आपल्याकडचा कॅमेरा सेकंदाला नेमकी २५ चित्रे घेतो. मोबाइल मात्र उजेड पाहून हा आकडा कमी-जास्त करतो आणि संपादनात त्याचा मेळ बसत नाही. असे चित्रण टाइमलाइनवर घेण्याआधी ठरावीक वेगाच्या फाईलमध्ये बदलून घ्यावे. आवाजाच्या आकड्यांतही अशीच गल्लत होते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतलेला आवाज ४८,००० चा समजून वाजवला, तर तासाभराचे बोलणे सुमारे ५५ मिनिटांत संपते आणि आजोबांचा आवाज नातवासारखा बारीक होतो. हसू येते, पण कारण कळल्यावर दुरुस्ती एका सेटिंगची असते. चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर ट्यूबलाइट पाहावी. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात.

"सर, फिल्मच गायब झाली. सगळीकडे लाल पाटी आलीय." या निरोपाने तर रडारड होते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये चित्रण नसते. ती पाककृतीच्या चिठ्ठीसारखी असते. कोणता जिन्नस कोणत्या डब्यातून किती घ्यायचा, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. डबा हलवला, त्याचे नाव बदलले किंवा पेनड्राइव्ह काढून नेला, तर चिठ्ठीला जिन्नस सापडत नाही. चित्रण पुन्हा जागेवर आणून त्याची नवी वाट दाखवली की फिल्म जशीच्या तशी परत येते. म्हणून प्रत्येक फिल्मचा एकच फोल्डर, त्यातच चित्रण, आवाज, फोटो आणि प्रोजेक्ट, हा आमचा शिरस्ता आहे.

पेनड्राइव्हवर पुष्कळ जागा असूनही मोठी फाईल जात नसेल तर तो बहुधा जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. आतले सामान आधी दुसरीकडे ठेवून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम होते. कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाईल चुकून पुसली गेली, तर त्या क्षणापासून ते कार्ड वापरणे थांबवावे. तिच्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. घाईघाईने आणखी दोन शॉट घेतले की ती आशाही जाते.

एक्सपोर्ट दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर ते चांगले लक्षण समजावे, कारण बिघाडाने आपला पत्ता दिलेला आहे. आधी डिस्कवर जागा आहे ना ते पाहावे. मग बारा मिनिटांची फिल्म असेल तर पहिली सहा मिनिटे वेगळी काढून पाहावीत. ती निघाली तर दोष उरलेल्या सहांत. त्यांतली तीन काढून पाहावीत. असे अर्धे-अर्धे करत गेले की चार-पाच खेपांत तो एक शॉट किंवा ती एक करामत सापडते. आमच्या नववीच्या एका गटाने स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी अशाच रीतीने एक खराब फोटो शोधून काढला. तो काढला आणि फिल्म निघाली.

आता एका अशा बिघाडाविषयी, जो आपल्यासारख्या शाळेलाच जास्त जाणवतो. फिल्मवर मराठी नावे लिहिली की कधी वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरे तुटतात. काही संपादन सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी वेगळे सेटिंग असते, ते चालू करावे लागते. शिवाय टाइप युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन येतो. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी लिहिताना 'ळ' ची आणि 'ऱ्य' ची गरज कधी पडली नाही, म्हणून ती अक्षरे कळफलकावर कुठे आहेत हेही कधी पाहिले नव्हते. ती तिथे आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'ल' च्या कळीवर 'ळ' मिळतो आणि 'र' च्या कळीवर 'ऱ' मिळतो. त्याला हलन्त देऊन 'य' लिहिला की 'सुऱ्या', 'पायऱ्या' नीट उमटतात. फिल्मच्या शेवटी 'होलकर' आणि 'पायर्या' असे आले तर कोणी शिक्षा करणार नाही. पण आपले नाव आपल्या पद्धतीने लिहिता येत असताना दुसऱ्या पद्धतीने का लिहावे?

जुन्या कॅसेटविषयी पालकांना मुद्दाम सांगायचे आहे. अनेक घरांत लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट आणि हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट कपाटात पडून आहेत. एका कुटुंबाला बाहेर सांगण्यात आले होते की त्यांची कॅसेट संपली, आता काही निघणार नाही. आमच्या कक्षात आधी दुसरी, चांगली कॅसेट लावून पाहिली. तीही तशीच मुंग्या-मुंग्या दिसली, म्हणजे दोष त्या कुटुंबाच्या कॅसेटचा नव्हता. व्हीसीआरचे हेड साफ केले, ट्रॅकिंग फिरवून जुळवले आणि घरातल्या गेलेल्या माणसांसह अख्खा मांडव पडद्यावर उभा राहिला. मात्र फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि छोट्या डिजिटल कॅसेटच्या एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणून घाई न करता, पण फार उशीरही न करता, त्या आमच्याकडे आणाव्यात. फिती जुन्या होत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रे त्यांच्याहून लवकर दुर्मिळ होत आहेत.

शेवटी हार्ड डिस्क. तिच्यातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, हलवू नये, ठोकू तर मुळीच नये. प्रत्येक प्रयत्नाने आतले नुकसान वाढू शकते. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या कक्षातल्या एका डिस्कने असाच आवाज केला. तीत शाळेच्या एका निवृत्त बाईंची २०२३ मध्ये घेतलेली दीड तासाची मुलाखत होती. बाई त्याच वर्षी उन्हाळ्यात गेल्या होत्या आणि त्यांच्या घरच्यांनी तो आवाज ऐकायला मागितला होता. डिस्क लावणाऱ्या दहावीच्या मुलीने आवाज ऐकताच ती बंद केली, नोंदवहीत वेळ लिहिली आणि कार्यालयात आली. कोणीही दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

आमच्याकडे प्रत्येक मुलाखतीच्या तीन प्रती ठेवण्याचा नियम आहे. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. कार्यालयाच्या कपाटातली प्रत काढली. नोंदवहीत तिच्यापुढे लिहिले होते, "पूर्ण उघडून पाहिली, आवाज ठीक," आणि खाली आठवीतल्या एका मुलाची सही. ती उघडली, पूर्ण निघाली. बाईंची सून आणि नात आमच्या कार्यालयात बसून ऐकत होत्या. बाईंनी मध्येच थांबून "अरे, हे रेकॉर्ड होतंय ना?" असे विचारले, तेव्हा दोघी हसल्या आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही. ती डिस्क पुन्हा चालली नाही. आवाज मात्र राहिला, कारण एका मुलाने कंटाळा न करता दीड तास बसून प्रत तपासली होती. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये.

म्हणून तिघांना तीन विनंत्या. विद्यार्थ्यांनी कक्षातल्या नोंदवहीत प्रत्येक बिघाड लिहावा. काय दिसले, काय बदलले, कशाने सुटले, एवढे पुरे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पाठ्यपुस्तकाइतकेच उपयोगी पडेल. पालकांनी घरातल्या कॅसेट आणि घरातली वडीलधारी माणसे, दोन्ही आमच्या मुलांना भेटवावीत. विश्वस्त मंडळाने नव्या कॅमेऱ्याचा विचार करण्याआधी कक्षाचे अर्थिंग, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि प्रतींसाठी आणखी एक डिस्क यांची तरतूद करावी. या वस्तू उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाहीत, पण बाकी सगळे त्यांच्यावर उभे असते.

आणि मुलांनो, यापुढे निरोप आणाल तेव्हा "कॉम्प्युटर खराब झाला" असे म्हणू नका. "मॉनिटरचा दिवा नारिंगी आहे, केबल बदलून पाहिली, तरी चित्र नाही," असे सांगा. निम्मा बिघाड तिथेच सापडलेला असेल.



— प्राचार्य